तारेवर पाय

"पाय लावू नकोस!"

लारासचे वडील पाक हार्जोनो एवढ्या जोरात ओरडले, की डोंगरमाथ्यावरचे सगळेच वळून बघू लागले. लारासचा बूट हँग ग्लायडरचा पंख ताणून धरणाऱ्या बाजूच्या तारेपाशी अधांतरीच थांबला.

"बापाक, उडायच्या आधी तार पायानं दाबून बघावीच लागते."

"सुरोच्या महिन्यात धुतलीय मी ती. घराण्याच्या खंजिराबरोबर. आणि तू तिला बूट लावतेस?"

म्हणत होते ते खरंच होतं. गावातले पिढीजात खंजीर दर सुरोला धुवायचे ते पाक हार्जोनोंनीच. यंदा लेकीचा ग्लायडर पावसाळाभर घरात आडवा टांगलेला होता, तेव्हा त्यांनी त्यालाही सोडलं नाही. तारन् तार लिंबाच्या रसाने चोळली, कोरडी पुसली, वरून ऊद फिरवला. पोरगी आभाळात जाणार, बापाने एवढंही करू नये? बघा ना, तारा कशा लख्ख दिसत होत्या!

"न्दुक, पोरी, निदान चार लोकांत तरी माझा मान ठेव," ते आवाज उतरवून म्हणाले.

लारासने उड्डाणांवर देखरेख करणाऱ्या क्लबच्या पाक बाग्योंकडे पाहिलं. वारा समोरून, अगदी हवा तसा येत होता. चार जण तिच्या मागे खोळंबले होते.

बाग्यो जागचे हलले नाहीत. "बाप रुसला तर उद्या समजूत काढू. तार दाबल्याशिवाय मी काही तुला सोडत नाही."

लारासने वडिलांना हात जोडले आणि पायाने तार दाबली.

टण्ण!

तार टोकाच्या फाशापाशी तुटली. मोकळा झालेला पंख वाऱ्याने असा उसळला, की मागच्या दोघांनी धावत जाऊन तो खाली दाबून धरला. बाग्योंनी तारेवरचं पारदर्शक प्लास्टिक चाकूने चिरलं. आतून तपकिरी भुकटी त्यांच्या तळहातावर पडली.

"टोकातून काहीतरी आत झिरपलंय, आतून पार खाल्लीय. काय लावलं होतंत हिला?"

"लिंबू," पाक हार्जोनो म्हणाले.

त्यांनी कड्यावरून खाली पाहिलं. खूप खाली धरणाचं पाणी होतं, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या होड्या. ते तिथेच धुळीत बसले आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिले.

लारास वळसा घालून दुसऱ्या तारेकडे गेली. तिने पाय उचलला.

"थांब," पाक हार्जोनो म्हणाले.

बाग्यो वैतागून वळले.

"जोरात दे," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे बघू नकोस."