इंचाला अकरा टाके

"बोला बायांनो, खुनी कोण?" एव्हिसने पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

लाकडी चौकटीवर ताणलेल्या गोधडीभोवती चौघी बसल्या होत्या. दर गुरुवारी सकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये हेच चालायचं. तिघींनी टाके घालायचे, एव्हिसने रहस्यकथा वाचायची. कथाही अशीच शोधून आणलेली, की त्यात कुठल्यातरी भरतकाम मंडळातली बाई चहा पिता पिता मरून पडलेली असेल. शेवटच्या प्रकरणाआधी वाचन थांबायचं आणि जिचा अंदाज चुकेल तिच्या गळ्यात पुढच्या गुरुवारी चहाबरोबर खायचे स्कोन भाजून आणायचं काम पडायचं. ग्लेनिसने गेल्या नऊ वर्षांत एकदाही स्कोन केले नव्हते.

"डॉक्टर," थोरा म्हणाली. "पुस्तकातला डॉक्टर आणि माझा जावई, दोघांवर माझा काडीचा विश्वास नाही."

बाहेर नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. ग्लेनिसला ते बरं वाटायचं. धुक्याच्या दिवशी सगळ्यांनाच अंधुक दिसतं. तिच्या डोळ्यांत तर दोन वर्षांपासून धुकं उतरलं होतं, बरोबर मधोमध. होबार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेकडेचं दिसत राहील. म्हणून ती हल्ली कोंबडीसारखी मान वाकडी करून बघायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. टाके बिघडलेल्या बाईला इथे कुणी काही बोलत नाही. एक दिवस फक्त म्हणतात, "चहा तू कर गं, तुझ्या हातची चव कुणाला नाही," आणि त्यानंतर ती गोधडीपाशी बसत नाही, किटलीपाशी उभी राहते. ग्लेनिसला या एका गोष्टीची धास्ती होती.

पुस्तकातल्या मेलेल्या बाईचा टेबलक्लॉथ मागाहून दुसऱ्याच कुणीतरी भरून पुरा केला होता. म्हणजे खुनी ती पुस्तकातली दुकानदारीणबाई, दुसरं कोण! ग्लेनिसने ते केव्हाच हेरलं होतं. पण तो टेबलक्लॉथ मनात घोळत असताना तिचं बोट आपल्याच गेल्या गुरुवारच्या शिवणीवरून फिरलं आणि थबकलं.

मागच्या खेपेला तिचे टाके तांदळाएवढे लांब पडले होते. बोटाला कळले होते ते, आणि त्या काळजीने ती आठवडाभर नीट जेवलीही नव्हती. आज तिथे मोहरीएवढे टाके होते. तिने नखाने मोजले. इंचाला अकरा. आणखी खाली गोधडीच्या नक्षीतल्या पानाच्या टोकाशी शिवण वळली होती, तिथे एक टाका दोनदा घातलेला होता. वळणावर असा भित्रा, दुहेरी टाका या गावात एकच बाई घालते.

नोलीन.

थोराचं बोलणं नदीपलीकडून यावं तसं येत होतं. ग्लेनिसला आठवलं, मंडळातल्या म्हाताऱ्या मर्लला किटलीकडे पाठवणं जिवावर आलं, तेव्हा शनिवारी गुपचूप येऊन मर्लचे टाके उसवायचे आणि परत घालायचे, हे आपणच चार वर्षं केलं होतं. मर्ल गेली ती आपला हात शाबूत आहे या समाधानात. पुस्तकातलं सगळं हेरलं आणि हे नाही; काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! ग्लेनिसला आधी लाज वाटली, मग नोलीनचा राग आला, आणि मग तिने उगाचच खोकून घेतलं.

"ग्लेनिस, तू का गप्प?" एव्हिस म्हणाली. "तुला तर पन्नासाव्या पानालाच कळतं."

"तिला सगळं कळतं," समोरून नोलीन हळूच म्हणाली. तिची सुई थांबली होती.

ग्लेनिसने मान वाकडी केली. धुक्याच्या कडेला नोलीनचे हात दिसले. सांधे सुजलेले, आल्याच्या गड्ड्यासारखे. त्या हातांनी एकेक टाका उसवायचा म्हणजे सबंध सकाळ जात असणार.

"नाही गं," ग्लेनिस म्हणाली. "या खेपेला काही पत्ताच लागला नाही बघ."

"बाई म्हातारी झाली!" थोराने टाळी वाजवली. "लोणी सढळ हाताने घाल हं, ग्लेनिस."

नोलीनची सुई पुन्हा चालू लागली. एव्हिसने पुस्तक उचललं. दुकानदारीणबाई पकडली गेली तेव्हा ग्लेनिस सगळ्यांच्या आधी "अगंबाई!" म्हणाली.

वाचन संपता संपता तिच्या सुईतला दोरा संपला. मान वाकडी करून तिने नवा ओवून घेतला. ओवल्यावर टोकाला गाठ मारायची, ती आतल्या कापसात ओढून घ्यायची आणि शेवटीही तसंच करायचं, म्हणजे गोधडी चाळीस वर्षं धुतली तरी टाका हलत नाही. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं, आणि तिने गावातल्या निम्म्या मुलींना.

समोर नोलीन चौकटीखाली हात धरून एकेक बोट चोळत होती.

ग्लेनिसने गाठ मारली नाही. पानाच्या कडेने तिला जमतील तसे टाके घालत ती शेवटापर्यंत गेली, तिथेही दोरा मोकळाच सोडला आणि हाताला सहज लागेल असा वरच्या कापडावर सरळ करून ठेवला. असा दोरा एकेक टाका न उसवता एका ओढीत निघून येतो.