सदाशिवरावची पारख

दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात बॉयलरचं लाकूड पारखायचा मान एकट्या सदाशिवरावचा. दांडक्यानं ठोकायचं, बद्द वाजलं तर ओलं, खणखणीत वाजलं तर भट्टीत. गरीब दिसला, की खणखणीत वाजलेलंही ओलंच.

त्या दुपारी तांड्यावरच्या लालसिंगची धावड्याच्या लाकडानं भरलेली गाडी त्यानं अडवली. पहिला ओंडका ठोकला. खणखणीत.

"ओला हाय! ने वापस, चोट्ट्या!"

तेवढ्यात त्याच्याच पाठीत कुणीतरी दांडकं ठोकलं. बद्द.

तो गर्रकन वळला. मागं कुणीच नव्हतं.

"कोन ठोकून राह्यलं बे?"

"मी तं बैलं धरून उभा आहो, मालक," लालसिंग म्हणाला. "माल घ्या. माह्या बायकोनं, हंसाबाईनं उन्हात वाळवला."

"ओलाच हाय!" त्यानं दुसरा ठोकला. पाठीत पुन्हा ठोका पडला. आवाज जरा मोकळा. तिसऱ्याला त्याहून मोकळा. त्याच्या तोंडाला कोरड पडली.

लालसिंगनंही ते ऐकलं होतं. "मालक, ओलं म्हनू नोका आता."

पण सारं जिन बघत होतं. माघार कशी घ्यायची? त्यानं चौथा ठोकला अन् ओरडला, "ओला!"

त्याची पाठ खणखणीत वाजली.

आणि मागं भट्टीचं दार कुणीतरी उघडलं.