विरोधातला हात

चर्चच्या सभेत नर्सबाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा पाळकसाहेबांनी पंखे बंद करायला सांगितले. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, म्हणाले. माणूस तसा सौजन्याचा पुतळा.

चर्चच्या मागे दोन खोल्यांचा मोफत दवाखाना होता. तो पाडून तिथे चार मजली व्यापारी संकुल उठणार होतं. खाली दुकानं, वर भाड्याचा हॉल, मध्ये काचेची लिफ्ट. बाईंची उमेदीची वर्षं त्या खोल्यांत लोकांच्या जखमा धुण्यात गेली होती. त्या आडपडदा न ठेवता बोलल्या. दवाखान्यात कापूस संपला तर महिना महिना मिळत नाही, आणि देवाच्या घराला काचेची लिफ्ट हवी कशाला?

पाळकसाहेब हसले. दुकानांच्या भाड्यातून पुढे मोठा दवाखानाच बांधू, म्हणाले.

"तोवर पाय चिघळलेल्यांनी कुठे जायचं?" बाईंनी विचारलं.

कुणीतरी मागे टाळी वाजवली. बाईंना धीर आला.

मग मतदान. या मंडळीची जुनी रीत अशी, की सगळ्यांनी मान खाली घालून डोळे मिटायचे आणि हात वर करायचा. मोजणार एकटे पाळकसाहेब. कोण कुणाच्या विरोधात गेलं ते कळायला नको, आपसांत वाकडं यायला नको.

विरोधाचा पुकारा झाला तसा बाईंनी हात ताठ वर केला.

"उघडा डोळे," पाळकसाहेब जड आवाजात म्हणाले. "विरोधात एकच हात. ठराव मंजूर."

बाईंनी वळून मागच्या बाकांवर नजर फिरवली. काल घरी येऊन शपथा घेणारी धाकटी जाऊ, पट्टी बांधून घेताना तोंडभर आशीर्वाद देणारे म्हातारे, सगळ्यांनी केसाने गळा कापला होता. आणि शेजारी बसलेला नवरा? भाषण चार वेळा म्हणवून घेणारा? बाकीच्यांचं एक वेळ सोडा, हे मात्र त्यांना सोसवेना.

फाटकापाशी जाऊ दिसली. तिने तोंड फिरवलं. लाज वाटत असेल, बाईंना वाटलं.

वाटभर नवरा चार पावलं पुढेच चालत राहिला. घरात शिरताच बाईंनी चपला कोपऱ्यात भिरकावल्या. आता जाब विचारायचाच, म्हणून त्या वळल्या. पण तोच आधी बोलला. त्याचे डोळे भरून आले होते.

"एवढं तावातावाने बोललीस, आणि ऐन वेळी हात खालीच ठेवलास? तो एक हात माझा होता गं."