रिकामे रकाने

शांतता पुरस्काराच्या परीक्षकबाई शिवणकेंद्रात आल्या. एकेकाळी एकमेकांची घरं पेटवणाऱ्या दोन वस्त्यांमधल्या बायका इथे एकत्र शिवतात, असं अर्जात होतं. असले देखावे बाईंनी पैशाला पासरी पाहिले होते.

"वरच्या वस्तीच्या किती, खालच्या किती?" त्यांनी फॉर्म काढला.

केंद्र चालवणाऱ्या मावशी गोंधळल्या. "आता मोजावं लागेल हो." मग त्या ओरडल्या, "अगं, वरच्या वस्तीच्या हात वर करा गं!"

एकही हात वर झाला नाही. प्रत्येक मशीनवर एक जण जाडजूड पडदा सुईखाली सरकवत होती, दुसरी समोरून ओढून धरत होती.

"आत्ता नाही हं, मावशी!" एक जण मान वर न करताच खेकसली. "मी सोडलं तर सुई हिच्या बोटात जाईल."

परीक्षकबाईंनी दोन्ही रकाने रिकामेच ठेवले आणि खाली पैकीच्या पैकी गुण लिहिले.