लेखी कारण

घरमालक दिघ्यांनी करार वाढवायला नकार दिला, तेव्हा सुलभाताईंनी भाडेकरूच्या हक्काने लेखी कारण मागितलं. दिघे स्वतःच कागद घेऊन आले. फ्लॅटच्या फरशीत सेन्सर होते, ती पावलं ओळखायची. चोर शिरला तर कळावं म्हणून, असं दिघ्यांनी सांगितलं होतं.

कागदावर लिहिलं होतं, 'अरविंद खांबेटे यांच्या चालीत कंपवाताची लक्षणं. तीन वर्षांत अंथरुणाला खिळण्याची शक्यता.'

आत सुलभाताईंचे यजमान अरविंदराव भाजी चिरत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" सुलभाताईंनी विचारलं.

"दिवाळीत."

"म्हणजे आठ महिने झाले. दर रविवारी इथे चहाला येत होतात तुम्ही."

"वहिनी, असा पेशंट राहून गेला की घराला गिऱ्हाईक मिळत नाही." दिघ्यांनी बशीतलं बिस्कीट उचललं.

सुलभाताईंनी बशी उचलून घेतली.

"आम्ही कोर्टात जाणार. निकालापर्यंत तुम्हाला आम्हाला काढता येत नाही. उठा आता."

दार लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नवऱ्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"कपडे बदला. डॉक्टरांकडे जायचंय."

"कोणाला काय झालं?"

"चला, वाटेत सांगते."