आगाऊ मदत

फोन वाजला तेव्हा कौसा चांदीची धार काढत होती. 'वीज पडून म्हैस दगावल्याबद्दलची शासकीय मदत आपल्या खात्यात जमा,' असा निरोप होता. चांदी मात्र समोर निवांत पेंड खात होती.

"अहो, आपली चांदी जाणार म्हणं आज!" तिनं नवऱ्याला हाक मारली.

"मग जाईल," विश्वंभर ओसरीवरून म्हणाला. "सरकारचा अंदाज कधी चुकलाय का? मागं मोसंबीचे पैसे सकाळी आले अन् दुपारी गारा पडल्या."

कौसाच्या जिवाला चैन पडेना. गोठा चिंचेखाली होता आणि वीज आधी झाडावरच यायची. तिनं म्हैस सोडली आणि सरळ घरात आणून बांधली. "आता पड म्हणावं!"

लगेच फोन वाजला. घर तिच्या नावावर होतं. वीज पडून ते जळाल्याबद्दलची मदत जमा झाली होती.

"अगं, काढ तिला बाहेर!" विश्वंभर ताडकन उठला.

आभाळ काळंभोर झालं होतं. दावं मनगटाला गुंडाळून कौसा चांदीला ओढत उघड्या माळावर निघाली. तिथं झाड नव्हतं, भिंत नव्हती, जळायला काहीच नव्हतं. मध्येच थांबून तिनं फोन पाहिला. तो गप्प होता. तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात मागून आरोळी आली. विश्वंभर हातात आपला फोन धरून अनवाणी धावत येत होता.

"कौसा, दावं सोड! या वेळी पैसे माझ्या खात्यात आलेत!"