गार कपाळ

ताप अजून आलेला नव्हता. तिनं शिलाई मशीन थांबवलं, आतल्या खोलीत गेली आणि नवऱ्याच्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

"अगं, इस्त्री तापली का ते बघतेस का?" तो डोळे न उघडताच म्हणाला. "सकाळपासून कपाळाचं पॉलिश उडवलंस."

तिला हसू आलं नाही. मुलं लहान असताना त्यांचं अंग जरा कोमट लागलं, तरी तिचा जीव टांगणीला लागायचा. आज ती तापाचीच वाट बघत होती आणि तो येत नव्हता.

काल दवाखान्यात त्याच्या खांद्यावरच्या गाठीत सुईनं विषाणू सोडले होते. ओठावर फोड आणणारा साधाच विषाणू, पण बदल केलेला. तो कॅन्सरच्या पेशीत शिरतो, तिच्याच जिवावर वाढतो आणि शेवटी तिला फोडून शेजारच्या पेशीकडे जातो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं.

"म्हणजे ओठावर ताप मुततो, तो!" नवरा म्हणाला होता. "तो तर आमच्या घरचाच."

बाई खळखळून हसल्या होत्या. "थंडी वाजेल, ताप येईल. घाबरू नका. अंगाला विषाणूची चाहूल लागली की येतो."

त्या एका वाक्याची तिनं मनाशी खूणगाठ बांधली होती.

"एक सांगू?" तो आता म्हणाला. "रागावणार नसशील तर."

"काय?"

"औषधाची बाटली ज्या फ्रीजरमधून काढली ना, त्याचा कंप्रेसर बरा नव्हता. सारखा चालू-बंद, चालू-बंद. दार नीट बसत नसणार."

त्याची सगळी हयात फ्रीज दुरुस्त करण्यात गेली होती. बंद खोलीतूनही तो आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचा. ती पलंगाच्या कडेवर बसली. औषध वितळून पुन्हा गोठलं तर त्यातले विषाणू मरतात, हे काल सिस्टरनीच सांगितलं होतं.

"मग तिथंच बोलायचं होतं!"

"पेशंट म्हणून गेलो होतो. मेकॅनिक म्हणून नाही." तो म्हणाला, "आणि बोललो असतो तर टोचलंच नसतं गं त्यांनी. पुन्हा कधी बोलावलं असतं, कुणास ठाऊक."

तो अजून हसतच होता. पण चादरीची कड त्याच्या मुठीत चुरगळली होती.

तिनं बाहेर येऊन सिस्टरना फोन लावला. "प्रत्येक बाटलीवर तापमानाची खूण असते, ती बघूनच देतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "आणि ताप सगळ्यांनाच येतो असं नाही. आला आणि फार चढला, तर नेहमीची गोळी द्या. त्या गोळीनं विषाणूला काही होत नाही."

ती हो-हो म्हणाली. फोन ठेवला, मशीनवर बसली आणि एकाच बाहीला दोनदा टीप मारली. त्या गाठीत आपण नुसतं मेलेलं पाणी भरून आणलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

आतून कपबशीचा आवाज आला. बारीक, थरथरता, न थांबणारा.

ती धावली. तो उठून बसला होता. हातातला कप बशीवर वाजत होता आणि त्याला तो खाली ठेवता येत नव्हता. तिनं कपाळाला हात लावला. चटका बसला.

"आला!" ती म्हणाली, जसा काही दारात पाहुणाच उभा होता. "अहो, आला!"

पाहुणा बसला आणि मग पाय पसरू लागला. दोन पांघरुणं झाली, तिसरं झालं. त्याचे दात वाजत होते, डोळे लाल झाले होते. इस्त्रीचा विनोद त्यानं पुन्हा केला नाही.

"गोळी दे."

गोळी केव्हाची तिच्या मुठीत होती. सिस्टरचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी मूठ उघडत नव्हती. एवढ्या मुश्किलीनं जे जागं झालं, ते पुन्हा निजलं तर?

"देते. जरा थांबा." तिचाच आवाज तिला परका वाटला. "तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना, एकदा चालू झाला की लगेच बंद करू नका म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मी फ्रीज नाही गं."

तिनं मूठ उघडली. घामानं गोळी तळव्याला चिकटली होती. नखानं ती सोडवून तिनं त्याच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठांना लावला.

हळूहळू थरथर ओसरली. त्याचे डोळे मिटले. तिनं कपाळाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. कपाळ गार होत चाललं होतं.

गाठीवरच्या पट्टीला हात लावायचा नाही, असं दवाखान्यात बजावलेलं होतं. तिनं हात पाठीमागे घेतले, वाकली आणि त्याच्या खांद्याजवळ कान नेला.

"काय ऐकतेस?" त्यानं झोपेतच विचारलं.

"गप्प बसा," ती म्हणाली. "चालू आहे का, ते ऐकू द्या."